घोरपड खरी की खोटी?

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला राग पोचला. यशवंती घोरपडीला दोर बांधून तानाजीचे मावळे सिंहगडाचा कडा चढले, ही गोष्ट इतकी वर्षं खरी मानली आणि आता वर्गात कुणी म्हणालं, ते सगळं खोटं. मग पुस्तकांवर विश्वास ठेवायचा कसा, हा तुझा प्रश्न. ‘खरं की खोटं’ हे ठरवायची घाई करू नकोस. आधी शोध, ही गोष्ट कोण सांगतंय, घटनेनंतर किती वर्षांनी आणि कुणासमोर.

वहीचं एक पान आडवं धर आणि त्यावर चार रकाने आख: काय सांगितलंय, कुणी, कधी, कुणासाठी. सिंहगडच घे. तानाजीने तो घेतला त्या रात्रीची तिथी माघ वद्य नवमी, शके 1591. पहिली चूक इथेच होते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, म्हणून मुलं 1669 लिहून मोकळी होतात. पण माघ जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. तिथे 79 मिळवायचे, म्हणजे 1670. तारीख 4 फेब्रुवारी. एखाद्या ठिकाणी 14 फेब्रुवारी दिसली तर छापण्यातली चूक समजू नकोस. जुन्या ज्युलियन आणि आजच्या ग्रेगोरियन कालगणनेत त्या शतकात दहा दिवसांचं अंतर होतं. शिवजयंतीची 19 फेब्रुवारीही ज्युलियनच आहे. (उत्तरेच्या पंचांगात हाच पंधरवडा फाल्गुनात धरतात, तो घोटाळा वेगळाच.)

तिथी हाती आली की आणखी एक गोष्ट फुकट मिळते. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, नवमीचा त्याहून थोडा उशिरा. म्हणजे रात्रीचा पूर्वार्ध अंधाराचा होता. कादंबरीत कुणी चांदण्यात कडा चढताना दिसला तर लेखकाने पंचांग उघडलेलं नाही, एवढं तुला घरबसल्या कळेल.

आता साक्षीदार. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, 1690च्या दशकात. घटनेला तेव्हा वीस वर्षं उलटून गेली होती. त्याच्याकडे घोरपड नाही. मावळे कडा वानरासारखे चढले, इतकंच तो म्हणतो. सोबत पाचशे माणसं. हा आकडा गोल आहे आणि बखरीतले गोल आकडे मी अंदाज म्हणूनच वाचतो. शेलारमामाही त्याच्याकडे नाही. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर आली नाही, मग डाव्या हाताचीच ढाल करून तो लढला आणि तो व मोगलांचा किल्लेदार उदेभान दोघेही पडले. पुढे तानाजीचा भाऊ सूर्याजी याने लोक सावरले, गड घेतला, पागेच्या खणांना आग लावली आणि राजगडावरून महाराजांनी तो उजेड पाहिला.

वेळेवर न आलेली ढाल मला फार खरी वाटते. पण वाटणं हा पुरावा नाही. सभासद त्या रात्री गडावर नव्हता, त्यानेही कुणाकडून तरी ऐकलेलंच लिहिलं.

घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. तानाजीच्या मुलाचं, रायबाचं लग्न आणि ऐंशी वर्षांचा शेलारमामाही तिथेच भेटतो. मोठी घोरपड फार तर सहा-सात किलोंची. नख्यांची पकड जबर असली तरी ती आपल्याला हव्या त्या जागी चढून, दोरावर माणसांचा भार येईपर्यंत चिकटून राहील यावर कुणी स्वारी आखणार नाही. मग शाहिराला ती का लागली? पोवाडा उभ्याने, डफ-तुणतुण्याच्या साथीवर, रात्री जमलेल्या माणसांपुढे म्हणायचा असतो. त्यातल्या बहुतेकांनी तो कडा कधी पाहिलेला नसतो. घोरपड मागे फिरली की ऐकणाऱ्याला कड्याची उंची कळते. म्हणून पोवाडा खोटा म्हणून फेकू नकोस, फक्त दोराच्या पुराव्यासाठी त्याच्याकडे जाऊ नकोस.

‘गड आला पण सिंह गेला’ हे वाक्यही सभासदाकडे शोधून बघ. तिथे महाराज म्हणतात, ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ आणि तानाजीमुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे तर टिकतच नाही, कारण 1663च्या एप्रिलमधल्या महाराजांच्या पत्रातच सिंहगड हे नाव आलेलं आहे. अशा ठिकाणी पत्र बखरीलाही मागे सारतं. ते कामापुरतं, त्याच दिवशी लिहिलेलं असतं आणि सात वर्षांनी काय घडणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं.

मोठी माणसंही एका ठिकाणी फसतात. पाच पुस्तकांत एकच गोष्ट सापडली की पाच साक्षीदार मिळाले असं वाटतं. पाचांनीही त्याच पोवाड्यातून उचललेलं असेल तर साक्षीदार एकच. म्हणून पुस्तकाची तळटीप बघ आणि टीपेतल्या पुस्तकाचीही टीप बघ. टीप जिथे संपते ते नाव चौथ्या नव्हे, दुसऱ्या रकान्यात जाईल.

बखर वाचायला घेशील तेव्हा शब्दार्थ आणि टिपा असलेली आवृत्ती घे. ती लहानशी आहे, पण डोळ्यांनी भराभर वाचलीस तर दुसऱ्या पानावर अडशील. ‘राजियांनी’, ‘कडियावरून’ अशी भाषा मोठ्याने वाचली की वाक्य कुठे थांबतं ते कानाला कळतं. प्रस्तावना शेवटी वाच, नाहीतर संपादकाचं मत तुझं होऊन बसेल.

तुझ्या वार्षिक अंकासाठी तानाजीवर गोष्ट लिहितेयस ना? संवाद, थंडी, दोराने सोललेले तळवे, सगळं खुशाल रच. तारीख, कोण पडलं आणि गड कुणाकडे गेला, याला हात लावू नकोस. घोरपड घ्यायची तर ती एखाद्या पात्राच्या तोंडून येऊ दे. खाली दोन ओळींत काय रचलंय ते लिही. बाई जागा नाही म्हणतील, तर गोष्टीतल्या दोन ओळी काप, ही टीप नको.

रकान्यांचं पान भरलं की पाठव. तिसरा रकाना मी आधी तपासणार आहे.

तुझा,
बाबा