सिकलसेलचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावर थांबू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न आटोपले आणि धान घरात आले की आमच्या गडचिरोली भागात सोयरिकींची बोलणी सुरू होतात. अलीकडे पत्रिकेच्या बरोबरीने सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासणीचा कागदही मागितला जातो, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र गेल्या वर्षी माझ्या एका माजी विद्यार्थिनीची जवळपास ठरलेली सोयरीक त्या कागदावरच्या ‘पॉझिटिव्ह’ या एकाच शब्दाने मोडली. तो कागद सोल्युबिलिटी चाचणीचा होता. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढेच ही चाचणी सांगते. ते आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आले (एएस) की दोघांकडून (एसएस), हे तिला कळत नाही. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी चाचणी) केल्यावर मुलगी एएस, म्हणजे केवळ वाहक, निघाली. मुलाचा अहवाल तर पूर्णपणे सामान्य (एए) होता. त्यांच्या एकाही अपत्याला हा आजार झाला नसता, पण तोवर दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले होते.

शाळेत वर्षानुवर्षे प्रभावी आणि अप्रभावी गुण मीच शिकवले, त्यामुळे या गैरसमजात माझाही वाटा आहे असे मला वाटते. मेंडेलच्या वाटाण्यात उंचीचा गुण ठेंगणेपणाला पूर्ण झाकून टाकतो. एएस व्यक्तीच्या रक्तात मात्र दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन तयार होते आणि इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये दोघांचेही पट्टे दिसतात, जसे एबी रक्तगटात ए आणि बी दोन्ही उघड असतात. ही सहप्रभाविता झाली. आजार म्हणून पाहावे तर तोच जनुक अप्रभावी ठरतो, कारण एएस माणूस एरवी धडधाकट शेतीकाम करतो. शिवाय त्याची एकच प्रत असणाऱ्याला फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते, हे मलेरियाने पिडलेल्या आमच्या जिल्ह्यात सांगण्यासारखे आहे.

‘निगेटिव्ह’ शब्द तर याहून फसवा आहे. बीटा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन पुरेसे तयार न होण्याचा आनुवंशिक आजार) हा अकराव्या गुणसूत्रावरील सिकलच्याच जनुकातील वेगळा दोष असून तो सोल्युबिलिटी चाचणीत सापडत नाही. एक जोडीदार सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि त्याचा एक प्रकार एसएसइतकाच त्रासदायक असतो. (‘पहिल्याला झाला, आता पुढची तिन्ही सुटली’ असे म्हणणारे भेटतात, शक्यतेचा हा हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो.) त्यामुळे एक जण वाहक असल्यास दुसऱ्याची एचपीएलसी तपासणी (हिमोग्लोबिनच्या प्रत्येक प्रकाराचे प्रमाण मोजणारी चाचणी) करून त्यातले ए२ या हिमोग्लोबिनचे प्रमाण पाहणे आवश्यक आहे, कारण थॅलेसेमियाच्या वाहकात ते सहसा वाढलेले असते.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. एवढे कागद वाटले जाणार असतील, तर त्यांवर एए, एएस, एसएस किंवा सिकल-थॅलेसेमिया यांपैकी नेमका पॅटर्न आणि त्याचा अर्थ मराठीत, तसेच आमच्याकडे गोंडी आणि माडियातही, छापलेला असावा. चाचणी प्राथमिक स्वरूपाची असेल, तर तसे त्यावर ठळकपणे लिहिलेले असावे. लग्न ठरण्यापूर्वी दोन्ही कुटुंबांना एकत्र बसवून समजावून सांगणारा समुपदेशक किमान प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस उपलब्ध करून द्यावा, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. आरमोरी, जि. गडचिरोली