दोन ओळींची बातमी, पण लाखमोलाची

महोदय,

दर १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. पेपरात ही बातमी आतल्या पानावर, दोन-चार ओळींत उरकली जाते. मी तारापूरजवळ राहतो. रात्री गच्चीवरून केंद्राचे दिवे दिसतात, त्यामुळे मला ती पहिल्या पानाचीच वाटते.

राजीव गांधी आणि बेनझीर भुत्तो यांच्या काळात, ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत हा करार झाला. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, तशा हल्ल्याला फूसही द्यायची नाही आणि दर १ जानेवारीला केंद्रांच्या याद्या द्यायच्या, एवढेच त्यात ठरले. १९९२ पासून याद्या देणे चुकलेले नाही. मधे कारगिल झाले. २६/११ नंतर तर जेमतेम पाच आठवड्यांनी, दोन्हीकडे संताप धुमसत असताना, याद्या ठरल्या दिवशी पोहोचल्या!

अनाक्रमण करार म्हटले की लोक हिटलर-स्टॅलिनचा दाखला देतात. ऑगस्ट १९३९ मध्ये दहा वर्षांसाठी सह्या झाल्या आणि २२ जून १९४१ ला जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत घुसल्या. खरे आहे. पण त्या कराराच्या पोटात पोलंडची वाटणी करणारी गुप्त कलमे होती. आपल्या करारात वचन छोटे आहे, कुणाच्या जमिनीवर डोळा नाही आणि दरवर्षी उजळणी होते, म्हणून तो टिकला. धरणांसाठीही असाच करार व्हावा, याकरिता सरकारने पुढाकार घ्यावा.

– एक वाचक, बोईसर (जि. पालघर)