शेवटची फेक आम्हाला दिसलीच नाही

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
(क्रीडा प्रक्षेपण)

विषय: डिस्क गोल्फ स्पर्धांचे सदोष चित्रण, निकाल आधीच उघड होणे, आणि आधीच्या दोन तक्रारींची दखल न घेणे.

महोदय / महोदया,

मी देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. डिस्क गोल्फ, म्हणजे हाताने चकती (डिस्क) फेकून ती कमीत कमी फेकांत साखळ्यांच्या बास्केटमध्ये घालायचा खेळ, आणि आपल्या त्या प्रक्षेपणाची वार्षिक वर्गणी मी गेली दोन वर्षं भरते आहे. आमच्या गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मुलांनी आणि मी मिळून सहा बास्केटचा एक छोटा कोर्स मांडला आहे. सायकलच्या जुन्या रिमा, किलोवर आणलेल्या साखळ्या, आणि कातळात खड्डा खणता येत नाही म्हणून तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून उभे केलेले पाइप. आमच्यापैकी कुणीही खरा कोर्स डोळ्यांनी पाहिलेला नाही. हा खेळ आम्हाला जेवढा येतो तेवढा आपल्या पडद्यावर बघून आलेला आहे. पावसाळ्यात तर तेवढाच आधार असतो. मृग लागला की नवरात्रापर्यंत सड्यावर पाणी आणि गुडघाभर गवत, डिस्क टाकली तर शोधण्यातच दिवस जातो. नेमके तेच महिने अमेरिका-युरोपातल्या मोठ्या स्पर्धांचे. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे, ते कृपया शेवटपर्यंत वाचावं.

आधी परवाचा प्रसंग सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रविवारी दुपारचे चार वाजतात तेव्हा आमच्याकडे सोमवारचा रात्रीचा दीड वाजलेला असतो. शाळेच्या मुलांना त्या वेळी जागवणं मला मान्य नाही. म्हणून अंतिम फेरी आम्ही सोमवारी संध्याकाळी, रेकॉर्ड केलेली बघतो. मुलं दिवसभर मोबाइलला हात लावत नाहीत, एकमेकांना निकाल विचारत नाहीत. सहाच्या सुमारास नऊ मुलं माझ्या पडवीत येऊन बसली, मी टीव्हीवर आपलं ॲप उघडलं, आणि पहिल्याच पानावर करंडक उंचावलेल्या विजेत्याचा मोठा फोटो, खाली नाव आणि किती फेकांनी जिंकला तो आकडा. मुलांचे चेहरे बघवले नाहीत. तीन तासांचा सामना सुरू होण्याआधीच संपला. हे एकदा झालं असतं तर लिहिलं नसतं. या हंगामात ही चौथी वेळ आहे.

तरीही आम्ही बघायला बसलो, कारण कोण जिंकलं यापेक्षा कसं जिंकलं हे मुलांना हवं होतं. अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर (होल म्हणजे एका टीपासून एका बास्केटपर्यंतचा टप्पा) दोघे बरोबरीत होते. दुसऱ्या खेळाडूने टीवरून, म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेवरून, डिस्क सोडली. कॅमेरा त्याच्या पाठीमागे. डिस्क ढगाळ आभाळात शिरली आणि दिसेनाशी झाली. पडद्यावर रिकामं आभाळ, मग प्रेक्षकांचे चेहरे, मग निवेदकाचं ओरडणं, आणि थेट गवतात पडलेली डिस्क. ती बास्केटपासून किती दूर, हद्दीची दोरी कुठल्या बाजूला, वाटेत कुठलं झाड होतं, काहीही कळलं नाही. नंतर दाखवलेला रिप्लेही त्याच पाठीमागच्या कॅमेऱ्याचा. ज्या एका फेकीवर स्पर्धा ठरली ती आम्ही पाहिली असं म्हणताच येणार नाही.

त्या दिवशी आमचे शेजारीही येऊन बसले होते. सत्तरी उलटलेले, जन्म खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकण्यात गेलेला. ते म्हणाले, "बाई, चकती खंय पडली ता दिसाकच नाय." मग मुलांना त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. पाग हातातून सुटला की टाकणारा आपल्या हाताकडे बघत नाही, तो पाण्याकडे बघतो. जाळं कुठे आणि किती उघडून पडलं यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं. आपला कॅमेरा हाताकडे बघत राहतो. माझ्या तक्रारीचा गाभा एवढाच आहे.

डिस्क चेंडूसारखी उडत नाही हे आपल्याला सांगायला नको. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा ओढून) मारली की ती वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. वेग असतो तोवर ती थोडी उजवीकडे कलू शकते, वेग सरला की डावीकडे वळून खाली येते. किती कलणार, किती वळणार हे प्रत्येक डिस्कचं वेगळं, म्हणून तर तिच्यावर वेग, तरंगणं, कलणं आणि शेवटचं वळण असे चार आकडे छापतात. म्हणजे एका फेकीची सुरुवात, मध्य आणि शेवट या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि खेळाडूचं खरं कौशल्य शेवटच्या भागात दिसतं. पाठीमागून लांब भिंगाने घेतलेल्या चित्रात अंतर चपटं होतं. डिस्क डावीकडे गेली की उजवीकडे एवढं कळतं, ती बास्केटच्या अलीकडे पडली की पलीकडे हे कळत नाही. त्यासाठी बास्केटच्या बाजूने टीकडे बघणारा दुसरा कॅमेरा लागतो. तो आपल्याकडे आहे, कारण तीन-चार होलवर तो आपण वापरता आणि तेव्हा मुलं अक्षरशः पुढे सरकून बसतात. मग बाकीच्या होलवर का नाही? माणसं कमी असतील तर निदान शेवटच्या तीन होलवर तो हलवू नका. आणि डिस्क अर्ध्या वाटेवर गेली की पाठीमागचं चित्र सोडून समोरचं घ्या, प्रेक्षकांचे चेहरे ती जमिनीवर थांबल्यानंतर दाखवा.

२०२१ साली युटामधल्या ऑग्डेन इथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या शेवटच्या होलवर जेम्स कॉनराडने २४७ फुटांवरून, म्हणजे सुमारे ७५ मीटरवरून, डिस्क थेट साखळ्यांत घातली, पॉल मॅकबेथला बरोबरीत गाठलं आणि नंतर प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारा जादा डाव, जिंकला. ती फेक मी मुलांना कितीतरी वेळा दाखवली आहे. फेक थोर आहेच. पण ती हातातून सुटल्यापासून साखळ्यांत शिरेपर्यंत डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हा खेळ कधीही न खेळलेला माणूसही ती बघून उठून उभा राहतो. परवाच्या फेकीसारखं चित्रण त्या दिवशी झालं असतं तर जगाच्या वाट्याला फक्त निवेदकाचा आवाज आला असता.

दुसरी गोष्ट फेकीच्या आधीची. खेळाडूला फेकायला तीस सेकंद मिळतात. त्या वेळात आपण त्याचा चेहरा दाखवता, प्रायोजकांची पट्टी दाखवता. त्यातली पाच सेकंद होलला द्या. टीवर उभं राहून बास्केट दिसतं का, हद्द कुठे आहे, कुठल्या झाडाच्या ठरावीक बाजूनेच डिस्क गेली पाहिजे असं बंधन आहे का, चढ आहे की उतार. ड्रोन आपल्याकडे आहे, पण तो नऊ होलमध्ये दोनदा उडतो आणि दोन्ही वेळा देखावा म्हणून. होल आधी समजला नाही तर खेळाडूने हीच वाट का निवडली हे कळत नाही, आणि शिकणाऱ्याला तेवढंच तर शिकायचं असतं.

वाऱ्याचंही तसंच. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटले की आमच्या सड्यावर तिसरा होल अगदी वेगळा होतो. समोरून वारा आला की डिस्क उलटते, पाठीमागून आला की तरंगायचं सोडून लवकर खाली बसते. हे आमच्या सहावीतल्या मुलांना अंगाने माहीत आहे. निवेदक मात्र नुसतं "वारा आहे" म्हणतात. कुठून आहे ते एका बाणाने दाखवायला किती खर्च येतो?

अंतरं मीटरमध्येही द्या. खेळाच्या नियमात पटिंगचं, म्हणजे बास्केटजवळून टाकायच्या फेकीचं, वर्तुळ बास्केटपासून दहा मीटरपर्यंतचं आहे. त्याच्या आत फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, हा नियम मुलांना पाठ आहे. पण पडद्यावर सगळं फुटांत, आणि वर्तुळाची रेषाही दिसत नाही. मग खेळाडू वर्तुळाच्या आत आहे की बाहेर यावर दर वेळी पडवीत वाद होतात. जमिनीवर एक फिकट रेषा काढून दाखवलीत तर ते वाद मिटतील.

आता चित्राच्या दर्जाविषयी. आमच्याकडचं नेट मंद आहे, ते आपल्या हातात नाही हे मी जाणते. पण मंद नेटसाठी आपण जे चित्र पाठवता ते चुकीच्या जागी काटकसर करतं. मोठे खेळाडू ताशी ११० किलोमीटरच्या वर डिस्क फेकतात. म्हणजे सेकंदाला साधारण ३० मीटर. सेकंदाला तीसच चित्रं आली तर दोन चित्रांमध्ये डिस्क एक मीटर पुढे गेलेली असते, आणि तिची रुंदी जेमतेम वीत. साठ चित्रं आली तर तीच उडी अर्ध्या मीटरची होते आणि डोळा तिच्यामागे जाऊ शकतो. आपण नेट मंद झालं की आधी चित्रांची संख्या कमी करता आणि बारकावा राखायला बघता. या खेळासाठी ते उलटं करा. चित्र थोडं पुसट चालेल, डिस्क तुटक चालणार नाही. जंगलातल्या कोर्सवर तर हजारो हलती पानं दाखवण्यातच सगळा डेटा संपतो आणि डिस्क हिरव्या चिखलात विरघळते. तिथे तिच्या मार्गाची रंगीत रेघ काढणं गरजेचं आहे. आपण ती मोकळ्या मैदानावर काढता, जिथे डिस्क तशीही दिसते.

सामना डाउनलोड करून ठेवायची सोयही हवी. पावसात आमच्याकडे लाईट जाते ती कधी कधी दोन दिवस येत नाही. चार्ज असलेल्या फोनवर तरी मुलांना बघता येईल.

आवाजाविषयी एकच विनंती. या खेळाचं साखळ्यांचं बास्केट एड हेड्रिक यांनी घडवलं. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिला कायमचा कोर्स झाला तोही त्यांच्यामुळेच. साखळ्या डिस्कचा वेग गिळतात आणि तिला खालच्या टोपलीत सोडतात. आम्ही आमचं पहिलं बास्केट उभं केलं त्या संध्याकाळी तो खळ्ळकन आवाज ऐकायला मुलं अंधार पडेपर्यंत डिस्क टाकत राहिली. आपल्या प्रक्षेपणात तो आवाज निवेदकांच्या बोलण्याखाली दबतो. बास्केटपाशी माइक लावा, आणि डिस्क हवेत असताना निवेदकांना थांबायला सांगा.

महिला गटाबद्दल मला विशेष बोलायचं आहे. माझ्या नऊपैकी पाच मुली आहेत. एस्टोनियाची क्रिस्टिन टाटार २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं जगज्जेती झाली. आठवीतली एक मुलगी तिच्या पटिंगची नक्कल करत घराच्या पडवीत तास-तास उभी असते. एस्टोनिया छोटा देश आहे, त्यालाही समुद्र आहे, हे तिने स्वतः नकाशात शोधून मला दाखवलं. पण महिलांच्या फेरीला आपण कॅमेरे कमी देता, मार्गाची रेघ काढतच नाही आणि ठळक क्षणांचा व्हिडिओ दोन दिवस उशिरा टाकता. त्या मुलीने मला विचारलं, "बाई, यांचं कमी का दाखवतात?" मी तिला काय सांगू ते आपण मला लिहून कळवावं. हा प्रश्न मी मनापासून विचारते आहे.

यापूर्वी ॲपमधून मी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा शब्दशः एकच उत्तर आलं: ॲप बंद करून पुन्हा सुरू करा, इंटरनेट तपासा. माझी तक्रार कॅमेऱ्याच्या जागेबद्दल होती. म्हणजे ती कुणी वाचलीच नव्हती.

माझं म्हणणं असं की सर्वात आधी, याच आठवड्यात, निकाल लपवण्याची सोय द्यावी. फोटो, नाव, आकडा आणि सूचना, चारही गोष्टी सामना बघून होईपर्यंत दिसू नयेत. मंद नेटसाठी साठ चित्रांचा पर्याय आणि डाउनलोड या हंगामातच व्हावेत. कॅमेऱ्यांची मांडणी, वारा, वर्तुळ, मीटर आणि महिला गट यांबद्दल प्रत्यक्ष चित्रण करणाऱ्या जबाबदार माणसाचं उत्तर मला पंधरा दिवसांत मिळावं. ज्या चार स्पर्धांचा निकाल आम्हाला आधीच कळला त्यांच्या बदल्यात वर्गणीची मुदत तेवढ्या आठवड्यांनी वाढवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीविरुद्ध दाद मागता येते आणि १९१५ हा हेल्पलाइन क्रमांकही मला ठाऊक आहे. तिथे जाण्याची वेळ येऊ नये, कारण वर्गणी बंद करून आमचं भागणार नाही. आमची शाळा या खेळापुरती तरी आपल्याकडेच आहे.

येत्या सोमवारी सहा वाजता मुलं पुन्हा येणार आहेत. तोवर बाकी काही जमलं नाही तरी पहिल्या पानावरचा विजेत्याचा फोटो काढा.

आपली,
एक वर्गणीदार क्रीडाशिक्षिका
देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग