लेकरांची माहिती कुठे जाते, ते आम्हाला आधी सांगा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. वर्गात टीव्ही आला, कविता आणि गणिताचे व्हिडिओ दिसू लागले, याचा आम्हाला आनंदच आहे. पण या ऑनलाइन कारभारात आमच्या लेकरांची जी माहिती गावाबाहेर जाते, तिला वाली कोण, हे विचारायला हे पत्र लिहिते आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं वावरात असतात. तेवढ्यात शाळेतून फोन येतो, "भाऊ, ओटीपी आला असंल, सांगा बरं." बाप सांगतो आणि पुन्हा कामाला लागतो. ओटीपी कशाचा, कोणत्या ॲपचा, हे त्याला ठाऊक नसतं. सरांनाही बरेचदा नसतं. वरून आलेली माहिती संध्याकाळपर्यंत भरून द्यायची, एवढंच त्यांच्या हाती असतं. कित्येक घरांत तर शाळेत दिलेला नंबर काकाचा नाहीतर शेजाऱ्याचा असतो. बँक बजावते की ओटीपी कोणालाही सांगू नका, आणि शाळेत तोच सांगितला की पालकांची संमती मिळाली असं धरलं जातं. ही संमती मी मानत नाही.

याद्यांचं तर त्याहून वाईट. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आलेली एक यादी मी स्वतः पाहिली. मुलाचं नाव, जात, आधार क्रमांक, आईचं बँक खातं, आणि शेवटच्या रकान्यात 'आत्महत्याग्रस्त कुटुंब'. मदत मिळावी म्हणूनच ती केली असणार. पण ज्या पोरीचे वडील गेले, तिच्या घरचं दुःख कितीतरी अनोळखी माणसांच्या मोबाईलमध्ये पडून राहावं का? काम झाल्यावर ती यादी पुसायची कोणी?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मात्र नोव्हेंबर 2025 च्या नियमांत शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती शाळांना सूट मिळाली. म्हणजे शाळेच्या दाराशी कायदाच थोडा सैल होतो. ती उणीव आपल्या खात्याने शासन निर्णय काढून भरावी, ही माझी मागणी आहे.

शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत. कोणतंही नवं ॲप वर्गात येण्याआधी ते कोणती माहिती घेतं, ती कोणाकडे जाते, कधी पुसली जाते, हे त्या समितीत मराठीतून वाचून दाखवा. मेळघाटात कोरकूत, आमच्याकडे पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, त्यांच्या बोलीत समजावून सांगा. 'नाही' म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला शिकण्यापासून वंचित ठेवू नका. आधार आणि बँकेच्या याद्या व्हॉट्सॲपवर मागवणं बंद करा. शिक्षकांना या कामासाठी सरकारी ईमेल द्या. आज सगळं त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर चालतं, आणि काही बिघडलं तर बोल त्यांनाच लागतो.

शिकण्यासाठी दरवेळी मुलाचं नाव लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी ॲपवरचा धडा लॉगिन न करताही उघडतो. जिथे असं भागतं, तिथे मुलांची खाती उघडायची सक्ती कशाला?

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी भरतात. त्याआधी शासन निर्णय निघाला, तर समितीच्या पहिल्याच बैठकीत आम्ही तो सगळ्यांसमोर वाचू.

आपली,
एक पालक, यवतमाळ जिल्हा