सुनील, तू बोलावलंस म्हणून

प्रिय सुनील छेत्री,

वयानं मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठा. शिवाय आमच्याकडं आपल्या माणसाला अहो-जाहो करायची पद्धत नाही, म्हणून सरळ अरे-तुरे करतोय. मराठी आहे, कुणीतरी वाचून दाखवेल.

हे पत्र फार लांबलं. ६ जून २०२४ ला कोलकात्यात भारताकडून तुझी निरोपाची फुटबॉल मॅच कुवेतशी ०-० झाली, १५१ सामने आणि ९४ गोल मागं ठेवून तू डोळे पुसत मैदानाबाहेर गेलास, त्या रात्री लिहायला बसलो होतो. दोन ओळी झाल्या. पुढच्या मार्चमध्ये तू परत आलास, शिलाँगला मालदीवविरुद्ध पंचाण्णवावा गोलही घातलास, आणि मी म्हटलं, आता काय घाई आहे. पण गेल्या रविवारी माझ्या घरात जे झालं, त्यानंतर गप्प बसवेना. ते शेवटी सांगतो. आधी जुनं.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेत वाढलेला. आमच्याकडं फुटबॉल क्लबाचा नसतो, तालमीचा असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, सगळ्या तालमी. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की भर उन्हात गॅलरी भरते. हरलेल्या पेठेतली पोरं दुसऱ्या दिवशी गंगावेशीच्या दूध कट्ट्याकडं फिरकत नाहीत, कोण काय बोलेल म्हणून. वर्ल्ड कप आला की गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे. भारताचा झेंडा फुटबॉलसाठी लावावा असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

१९९८ साली बारावीची परीक्षा देऊन मी आणि पेठेतले दोघं रातराणीनं मुंबईला आलो. एका मोठ्या संघाची निवड चाचणी होती. संघाचं नाव घेत नाही. पहिला दिवस नुसतं बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा मिनिटं खेळवलं. घड्याळ मित्राच्या हातात होतं, म्हणून आकडा पक्का. मग खुर्चीतल्या साहेबांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि नावं वाचली. कागद टाईप केलेला होता. दोन दिवसांत मैदानावर आम्हाला टाईपरायटर काही दिसला नव्हता.

घरी गेलो, बूट मामेभावाला दिले आणि भारतातल्या फुटबॉलशी बोलणं टाकलं. पुढं नोकरीसाठी मुंबईलाच आलो, जोगेश्वरीत राहिलो. सव्वाबाराच्या चॅम्पियन्स लीगला गजर लावून उठायचो, सकाळी लाल डोळ्यांनी कामावर. कुणी भारतीय टीमचं नाव काढलं की हसायचो. तू २००५ मध्ये क्वेट्ट्याला पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल केलास, तेव्हा मला त्याचा पत्ताही नव्हता.

१ जून २०१८, शुक्रवार. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात, माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर, भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं. तीन गोल तुझे. बघायला माणसं होती २,५६९. एवढ्या मुंबईत! आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीला जास्त गर्दी होते म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. त्या २,५६९ मध्ये मी नव्हतो. मॅच आहे हेच ठाऊक नव्हतं.

शनिवारी तुझा व्हिडिओ आला. सगळ्यांना आठवतं ते 'या, आम्हाला शिव्या द्या' एवढंच. स्टेडियमात येऊन तोंडावर ओरडा, इंटरनेटवर कसली मजा, असं तू म्हणालास, ते खरंच. पण मला लागलं ते वेगळंच. युरोपातल्या क्लबांवर जीव टाकणाऱ्यांना उद्देशून तू बोललास. आमची पातळी तेवढी नाही हे मान्य, पण आमची जिद्द बघून तुमचा वेळ वाया गेला असं वाटणार नाही, अशा अर्थाचं. बसमध्ये होतो. ते तेवढंच मागं घेऊन तीनदा ऐकलं.

आदल्या रात्री हॅटट्रिक केलेला कॅप्टन. सोमवारी देशासाठी शंभरावी मॅच खेळणार. तो चिडला असता तर कुणी नावं ठेवली नसती. उलट टाळ्याच मिळाल्या असत्या, आपल्याकडं चिडणाऱ्याला मिळतातच. तू आधी आपलं उणं कबूल केलंस आणि मग विनंती केलीस. त्या खुर्चीतल्या साहेबांपासून त्यांच्यासारख्या दहा जणांपर्यंत कुणी वीस वर्षांत मला 'पोरा, चुकलं' म्हटलं नव्हतं. म्हणणारही नव्हते. ज्याचा काडीचा गुन्हा नाही तो माणूस मला 'या' म्हणत होता. तसं तू मला एकट्याला म्हटलं नव्हतंस, ते कळतं. तरी मला म्हटल्यासारखंच ऐकू आलं.

अशी माणसं मला मोजकी भेटली. सुट्ट्या पैशांवरून म्हाताऱ्यावर न खेकसणारा तीनशे तीस नंबरच्या बसचा एक कंडक्टर. पोराच्या तापात रात्री दीडला अर्धं शटर वर करून औषध देणारा नाक्यावरचा केमिस्ट. तू त्यांच्या रांगेतला, एवढंच म्हणतो. माझ्या हिशेबात ही रांग मोठी आहे.

तर सोमवारी, ४ जूनला, केनियाविरुद्धच्या मॅचची तिकिटं संपलेली. कंपनीतल्या एकाच्या हातापाया पडून दोन मिळवली आणि नऊ वर्षांच्या पोराला घेऊन निघालो. पाऊस कसा पडत होता ते तुला मी काय सांगू! बॉल पास केला की वाटेतच डबक्यात रुतून बसायचा, आणि दोन्हीकडचे खेळाडू त्याच्याभोवती चिखल उडवत नाचायचे. मॅचआधी भूतिया आणि विजयन या भारताच्या जुन्या कॅप्टननी तुझा सत्कार केला, तोही पावसातच. रेनकोट नावाला होता. पोराच्या बनियनमधून पाणी गळत होतं आणि बायकोचे चार फोन येऊन गेले होते. हाफटाइमला ०-०. मी मनात म्हटलं, घे, आलास ना, भोग आता.

मग अडुसष्टाव्या मिनिटाला तुझी पेनल्टी. तीन मिनिटांनी आपल्या जेजेचा गोल. आणि अगदी शेवटी तू केनियाच्या गोलकीपरच्या डोक्यावरून बॉल उचलून आत टाकलास. असल्या पाण्यात लोक मारायचं म्हणून मारतात, तू तिथं नजाकत काढलीस. शेजारचा अनोळखी सरदारजी मला मिठी मारून ओरडत होता. माझ्या पोरानं मात्र वेगळाच प्रश्न विचारला: ''बाबा, त्यानं बोलावलं म्हणून आपण आलो, हे त्याला कळलं का?''

मी म्हटलं, कळलं असणार.

घरी आल्यावर दोघांच्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि पंख्याखाली ठेवले. ही तालमीतली युक्ती. कागद पाणी पितो, सकाळपर्यंत बूट पायात घालण्याजोगे होतात. वीस वर्षांनी हात त्या कामाला लागले होते.

लोक तुला निष्ठावान म्हणतात. पेठेच्या हिशेबानं बघितलं तर मला जरा हसू येतं. मोहन बागान झालं, जेसीटी झालं, ईस्ट बंगाल झालं, गोव्यात डेम्पो झालं. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, कोलकात्यातले एकमेकांचे हाडवैरी, दोन्हीकडून! आमच्याकडं तालीम बदललेल्या पोराला चौकात चहा मिळायचा नाही. पण २०१३ मध्ये बंगळुरूला गेलास आणि तिथला झालास. मध्ये दोन मोसम आमच्या मुंबई सिटीकडून खेळलास, तेवढं सोडलं तर निळी जर्सी सोडली नाहीस. लीग जिंकली तेव्हा होतास, २०२३-२४ ला टीम दहाव्या नंबरावर घसरली तेव्हाही होतास. त्यानंतरच्या मोसमात, चाळिशीत, चौदा गोल! सेमीफायनलला इंज्युरी टाइममध्ये हेडरनं गोव्याला घरी पाठवलंस. आमच्या खात्यातला म्हापशाचा एकजण आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, जसा काही तो हेडर मीच मारला. फायनल मोहन बागानकडं गेली. गेली तर गेली.

देशाच्या जर्सीचं तर बोलायलाच नको. एकोणीस वर्षं, आणि त्यातली कितीतरी अर्ध्या रिकाम्या गॅलऱ्यांपुढं. त्या रिकाम्या खुर्च्यांतली एक माझी होती, आणि मी तेव्हा सव्वाबाराचा गजर लावत होतो. त्याची माफी या पत्रातच मागून घेतो.

आता रविवारचं. पोरगा सोळाचा झालाय, विंगवर खेळतो, डावा पाय बरा आहे. एका संघाच्या चाचणीला गेला होता. यादीत नाव आलं नाही. या वेळी कागद खिशातला होता की नाही, ते मी विचारलं नाही. तो येईपर्यंत दारात उभा राहून मी बोलायची वाक्यं जुळवत होतो, एकही धड जुळत नव्हतं. तो आला, चिखलानं भरलेला, मोजे हातात. माझ्याकडं न बघता आत गेला. बूट नळाखाली धुतले, आणि रद्दीच्या कोपऱ्यापाशी उकिडवा बसून कागद शोधायला लागला. रद्दी आदल्याच दिवशी दिलेली.

''बाबा, आजचा वाचून झालाय का?'' म्हणाला.

झाला नव्हता. मी तो तसाच त्याच्या हातात दिला.

तुझा,
जोगेश्वरीत राहणारा एक कोल्हापूरकर