जुनी नोट घेताना आधी कागद पाहा

महोदय,

नोटा जिथे छापल्या जातात त्या नाशकात जुन्या नोटांचे शौकीन वाढले तर नवल नाही. पण नवखे क्रमांकाला भुलतात, कागद पाहतच नाहीत. शुभ मानला जाणारा ७८६ दिसला की खिसा मोकळा! तारांकित नोटेचंही तसंच. तारांकित म्हणजे क्रमांकात तारा (*) असलेली, छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी बंडलात घातलेली. २००६ पासूनच्या अशा दहा-वीसच्या नोटा आजही व्यवहारात सापडतात, म्हणून त्यांना भुलू नका. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरांची नव्हे, वित्त सचिवांची सही असते. ती ‘छपाईतली चूक’ म्हणून कोणी विकत असेल तर सरळ पुढे चला.

नोट पाकिटातून बाहेर काढायला लावा आणि उजेडासमोर धरा. मधली घडी, चिकटवलेली फाट, पिनेची भोकं लगेच दिसतात. धुऊन इस्त्री केलेली नोट दिसायला कोरी, पण हाताला लिबलिबीत लागते. छपाईचा उठाव बसलेला असतो, घडीच्या रेषेवर शाई फिकी पडलेली असते. पिनेची भोकं मात्र जुन्या बंडलांतल्या नोटांना असायचीच. तेवढ्यासाठी नोट सोडू नका, भाव पाडून मागा.

ठेवायला पीव्हीसीचा अल्बम नको, पॉलिस्टरची पाकिटं घ्या. पीव्हीसी काही वर्षांनी चिकट होऊन नोट खराब करते.

– एक संग्राहक, नाशिकरोड