जेवायला जा, भांडी घासायला नको

मिरज, रविवार

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोन ठेवता ठेवता तू सांगितलंस की नदीपलीकडच्या त्या तिथल्या, अमेरिकेतल्या, इटालियन हॉटेलच्या मालकाने शुक्रवार-शनिवार रात्री भांडी घासायला येतोस का म्हणून विचारलंय. रोख पैसे, कागदपत्रांची भानगड नाही. आई शेजारीच होती म्हणून तेव्हा काही बोललो नाही. आता लिहितो.

तिथे जेवायला खुशाल जा. कामाला जाऊ नकोस.

हॉटेल मला आवडलं होतं, हे आधीच सांगतो. मे महिन्यात आम्ही आलो तेव्हा स्टेट स्ट्रीटचा उतार उतरून, वाबॅश नदीवरच्या पायी जायच्या पुलावरून तू आम्हाला तिथे नेलंस. बसतो न बसतो तोच बर्फाचं पाणी आणि लसूण-लोणी लावलेले गरम पाव आले. हे फुकट कसं परवडतं, म्हणून तुझ्या मित्राला नवल वाटलं होतं. अरे, ज्याचा जन्म खाणावळीच्या गल्ल्यावर गेला त्याला विचारा की! पाव गव्हाचा आणि पास्ताही गव्हाचाच. कोरडा पास्ता माणशी शंभर ग्रॅम पुरे होतो, शिजला की दुपटीच्या वर भरतो. खरा खर्च चीजचा, मांसाचा, भाड्याचा आणि माणसांचा. पाव पुढ्यात असला की गिऱ्हाईक ऑर्डरसाठी हाकाटी करत नाही. वर ताटली अशी ढिगाने भरायची की निम्मी पार्सल करून घरी न्यावी लागते. माणूस खूश होऊन जातो आणि पुढच्या आठवड्यात परत येतो.

इटलीत म्हणे पास्ता जेवणाच्या सुरुवातीला, तोही बेताचा वाढतात. १८८० ते १९२० च्या दरम्यान चाळीस लाखांच्या आसपास इटालियन माणसं अमेरिकेत आली, बहुतेक दक्षिणेकडची गरीब. गावी सणावारी दिसणारं मांस इकडे एरवीही परवडायला लागलं आणि मीटबॉलवाल्या स्पॅगेटीचे डोंगर सुरू झाले. तू चाटूनपुसून खाल्लेल्या अल्फ्रेडो पास्त्यात मूळ रोमच्या हॉटेलात नुसतं लोणी आणि परमेसान चीज असायचं, क्रीम अमेरिकेतलं. मला मात्र ते क्रीम फार झालं. टोमॅटोचा सॉस चांगला होता, आंबटपणा राखलेला.

त्या दिवशी शनिवार होता, म्हणजे आईचा उपास नसला तरी सामिष वर्ज्य. त्या वाढणाऱ्या मुलीने काय केलं आठवतंय? आईने ‘नो मीट’ म्हटल्यावर ‘ओके’ म्हणून ती निघून गेली नाही. वही खिशात घालून आत गेली, आचाऱ्याला विचारून आली. भाज्यांचं सूप घेऊ नका, त्यात गोमांसाचं पाणी आहे. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे आहेत. आणि खरं परमेसान वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दुधाचं विरजण, घालून करतात, तेव्हा ते वरून किसणार नाही. मग आईला मारिनारा, म्हणजे साध्या टोमॅटो सॉसचा पास्ता आणून दिला, ऑलिव्ह तेल आणि तुळशीच्या जातीचा तो पाला घालून. आईने त्यावर लाल मिरचीची पूड झाडली आणि पास्ता कच्चट राहिलाय म्हणाली, पण संपवला. गावभर सांगते ती त्या मुलीबद्दल. आपल्या खाणावळीतल्या रघूला मी हेच शिकवतोय, अजून जमत नाही त्याला.

ती पोरगी तुमच्या परड्यू विद्यापीठाचीच, शेतकीच्या दुसऱ्या वर्षाला. आपण निघालो तेव्हा मागच्या टेबलावर बसून काटे-चमचे कागदी रुमालात गुंडाळत होती. इंडियानात टीप मिळणाऱ्या माणसाला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. केंद्राचा हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टीप धरून तासाचे ७.२५ डॉलर भरले नाहीत तर वरचे मालकाने घालायचे, असा नियम आहे. तेव्हा मित्रांबरोबर गेलास की बिल वाटून घेताना टीप गाळू नका. वीस टक्के ठेवा. तेवढे नसतील त्या दिवशी खोलीवर खिचडी टाका.

आता त्या रोख पैशांचं. मालकाला मी वाईट म्हणत नाही. फुटबॉलच्या सामन्याच्या शनिवारी भांड्यांचा ढीग पडतो आणि माणूस मिळत नाही, ते दुखणं माझंही आहे. आपल्याकडे कुणाचं तरी पोरगं दोन तास येतं, हातावर पैसे ठेवले की झालं. पण तू तिथे एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्याच्या व्हिसावर आहेस. पहिलं वर्ष संपेपर्यंत कॅम्पसबाहेर काम नाही, आणि नंतरही परवानगीशिवाय नाही. मालकाचं निभावेल, फार तर दंड भरेल. तुझं व्हिसाचं स्टेटस गेलं तर शिक्षण अर्धवट, पुढची बारा महिन्यांची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे नोकरी करायची परवानगी, आणि तुमच्या शाखेला मिळणारे वरचे चोवीस महिने, सगळंच धोक्यात. घरावरच्या कर्जाचे हप्ते आपण त्या छत्तीस महिन्यांच्या कमाईवर फेडायचं ठरवलंय, हे वेगळं सांगायला नको. ‘सगळेच करतात’ म्हणालास. सगळ्यांच्या बापाने घर गहाण टाकलेलं नाही.

हात रिकामे ठेवायचे नसतील तर कॅम्पसवर टर्म चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. एअरहार्ट हॉस्टेलच्या डायनिंग कोर्टात, म्हणजे मेसमध्ये, अर्ज टाक, भांडी तिथेही घासायची असतातच. इंटरनॅशनल ऑफिसमध्ये आधी विचारून घे आणि पगारासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरचं काय ते उरक.

हॉटेलवाल्याला नाही म्हणायला जाशील तेव्हा नीट बोल, आणि त्याच वेळी जेवूनही ये. मी तुझ्या खात्यावर तीन हजार रुपये टाकलेत, ते त्यासाठीच. मंगळवारी दुपारी साडेतीननंतर फोन कर, तेव्हा गर्दी ओसरलेली असते.

तुझा,
बाबा